पलीकडून येणारी फुलं

९ जानेवारी

आजपासून लिहायचं ठरवलं आहे. आज दिवसभरात मी मोठ्याने फक्त दोन वाक्यं बोलले, आणि तीही यंत्राशी.

डोळ्यांच्या दवाखान्यात वेळ घ्यायला फोन लावला होता. एक मधाळ बाई म्हणाली, "कृपया तुमची अडचण थोडक्यात सांगा." मी म्हटलं, "माझी अडचण तुम्हीच आहात. माणूस द्या." ती म्हणाली, "क्षमा करा, मला समजलं नाही," आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. मी फोन ठेवून दिला. वेळ मिळाली नाही.

हे मला ऐकवतात! मी चौतीस वर्षं ट्रंक एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. परगावी फोन लावायचा तर तो आमच्या हातातून जायचा. कानाला हेडसेट, समोर बोर्ड, हातात प्लग. लोक भांडायचे, रडायचे, आई कशी आहे म्हणून विचारताना अडखळायचे, आणि आम्ही त्यांना जोडून द्यायचो. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर आमच्या दातांत पेन्सिल धरायला लावून उतारे म्हणून घ्यायच्या. तोंड उघडलं नाही तर पट्टी बसायची. म्हणून एक्स्चेंजने आमच्या शाळेतल्या मुली वेचून घेतल्या होत्या. माझं "हॅलो" ऐकून लोक आवाज खाली आणायचे.

आता भाचीला मी चार वाक्यांचा निरोप बोलून पाठवते आणि उत्तर म्हणून एक पिवळा अंगठा येतो. ज्यांना सही येत नसे ते अंगठा लावायचे. हिला मी स्वतः बाराखडी शिकवली आहे.


११ जानेवारी

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी फूल आलं. रोज येतं. निरोप न उघडताही पडद्यावर छोटं चित्र झळकतं: फूल, त्यामागे सूर्य, कधी पाण्यावर हंस. पाठवणारी कोण, तर पलीकडची.

तिच्याबद्दल एकदा लिहून टाकते, म्हणजे माझा संताप वाजवी आहे हे मला पुढेही पटेल. ती परगावच्या एक्स्चेंजची ऑपरेटर. मी तिला पलीकडची म्हणते, ती मला अलीकडची. रोज सकाळी सहाला बोर्ड उघडण्याआधी लाईन तपासावी लागे. मी एक ते पाच म्हणायचे, ती पाच ते एक म्हणायची. दोन्हीकडून स्वच्छ ऐकू आलं की वहीत नोंद. जास्त बोलायची बंदी होती, सुपरवायझर मधूनच लाईनवर कान लावायची. म्हणून आम्ही एक युक्ती काढली. आवाजाची पट्टी न बदलता आकड्यांच्या मध्ये बातमी घुसवायची. "पाच, चार, काल मुलगा झाला, तीन, दोन, एक." सुपरवायझरला फक्त आकड्यांची गुणगुण ऐकू येई. बावीस वर्षं असं चाललं. तिचं बाळंतपण, तिच्या नवऱ्याचं जाणं, माझं मोडलेलं लग्न, सगळं त्या पाच आकड्यांत बसलं.

आम्ही कधी भेटलो नाही. जायचं जायचं करत राहून गेलं. आवाज ओळखीचा असला की चेहऱ्याची घाई वाटत नाही.

निवृत्तीनंतर महिन्यातून एकदा फोन व्हायचा. आणि गेल्या मे महिन्यापासून बाईसाहेब आधुनिक झाल्या! बोलणं बंद, चित्रं सुरू. काय आवाज होता तिचा. पितळेच्या घंटेसारखा नव्हे, ते माझ्या आवाजाला म्हणायचे. तिचा सुती होता, धुऊन मऊ झालेल्या साडीसारखा. त्या आवाजाची बाई मला बाजारी गुलाब पाठवते, आणि खाली यादीत दिसतं: "सुप्रभात. ही..." पुढचं मी बघत नाही. अशा चित्रांखाली काय असतं ते सगळ्या जगाला माहीत आहे.


१५ जानेवारी

भाची आली होती. पस्तीस वर्षांची बाई, मोठ्या कचेरीत काम करते आणि जेवताना फोन ताटाशेजारी चमच्यासारखा ठेवते.

"मावशी, तुझा फोन पुन्हा भरलाय."

"मी रोज साफ करते. तू शिकवलंस तसं. नावावर बोट दाबून धरायचं, आणि उघडायच्या आत सगळं पुसायचं."

"अगं, ते नको असलेल्यांचं पुसायला सांगितलं होतं."

"मग मी काय केलं?"

ती हसली. मग म्हणाली, "तू एखादं तरी उघडून बघ ना. बिचारी रोज पाठवते."

"बोलायचं असेल तर फोन करेल."

"फोन कोणी करत नाही आता. आधी मेसेज करून विचारतात, फोन करू का म्हणून."

"म्हणजे दार वाजवण्याआधी फटीतून चिठ्ठी सरकवायची, दार वाजवू का?"

"हो. तसंच." आणि हे बोलताना तिचा अंगठा फोनवर चालूच होता. मी थांबले. ती बराच वेळ मी थांबले आहे हेही न कळता बसली होती.

जाताना मात्र तिने मला जवळ घेतलं. गंमत म्हणजे घरी पोचल्यावर मला पोचल्याचा निरोप नाही, दोन हातांचं चित्र आलं.

ते खुणांचं प्रकरण मात्र मी पहिल्याच दिवशी तिच्याकडून बंद करून घेतलं होतं. आपण वाचलं की समोरच्याला निळी खूण दिसते म्हणे. माझं वाचन ही माझी खासगी बाब आहे. सिस्टरसुद्धा आमची पत्रं उघडायच्या, पण निदान तोंडावर सांगून उघडायच्या.


२० जानेवारी

आज मान खाली घालून मीच फोन लावला. पलीकडचीला. फुलांची गोष्ट सुरू झाल्यापासून ही चौथी वेळ. चार वेळा वाजला आणि कापला. कापला! आणि अर्ध्या मिनिटात काय यावं? फूल. सकाळचं एक येऊन गेलं होतं, हे दिवसातलं दुसरं. पांढरी शेवंती.

म्हणजे फोन हातात आहे, बाई जागी आहे, बोटं चालतात. फक्त माझ्याशी बोलायचं नाही.

शेवटचं बोललो तेव्हा काही बिनसलं होतं का, हे आठवून पाहिलं. एप्रिल असेल. तिचा घसा बसला होता. मी म्हटलं, गरम पाण्याच्या गुळण्या कर आणि गोळ्या चघळत बसू नकोस. ती म्हणाली, दोन महिने झाले गुळण्या करतेय. मी म्हटलं, मग नीट करत नसशील. माझं दूध उतू चाललं होतं, मी "नंतर करते" म्हणून ठेवला. यात रागावण्यासारखं काय आहे? मी सगळ्यांनाच नंतर करते म्हणते.

शेवंतीही उघडली नाही. पुसली.


२३ जानेवारी

आज मी तिला निरोप बोलून पाठवला. टाइप करणं मला जमतं, पण ते माझ्या प्रतिष्ठेला शोभत नाही. आधी कागदावर लिहून काढलं, उभी राहून वाचलं, मग फोनमध्ये बोलले. आठवणीसाठी इथे उतरवते:

"पलीकडची, मी बोलतेय. तोंड आहे ना तुला? आयुष्यभर आवाजाची भाकरी खाल्लीस आणि म्हातारपणी जिभेला कुलूप? दोन शब्द बोलायला इतके कष्ट पडत असतील तर ही मुक्यांची चित्रं मला पाठवू नकोस. बोलता येईल तेव्हा फोन कर. तोवर राहू दे."

पुन्हा ऐकून पाहिलं. उच्चार स्वच्छ आले आहेत. "भाकरी" वर किंचित जास्त जोर पडला, पण चालेल.

बरं वाटलं. खिडकी उघडली, रेडिओ लावला.


२४ जानेवारी

फूल आलं नाही. शिस्त लागली.


३१ जानेवारी

आठवडा झाला. सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी जाग येतेच. कारण काही नाही, ड्यूटीची सवय. फोन उचलून बघते, ठेवते. आज पाण्याच्या कंपनीचा संदेश होता, नळ दुपारी बंद राहील. तो मी पूर्ण वाचला. दोनदा.

खालच्या मजल्यावरची बाई जिन्यात भेटली. मी म्हटलं, "गारवा वाढलाय." तिने कानाकडे बोट दाखवलं. कानात ते पांढरं काहीतरी होतं, ती दुसऱ्याच कोणाशी बोलत होती. ती हसली मात्र माझ्याकडे बघून. ते हसू माझं होतं की त्या कानातल्याचं, देव जाणे.


६ फेब्रुवारी

रागावली असेल तर रागावू दे. तिचा स्वभाव मी ओळखते, तीन दिवसांच्या वर राग टिकत नाही तिचा. हे चौदा झाले.


१० फेब्रुवारी

फोन केला. या वेळी उचलला, पण तिने नाही. एका तरुण बाईचा आवाज.

"कोण?"

मी माझं नाव सांगितलं. एक्स्चेंजची मैत्रीण म्हणून सांगितलं.

"मी सून बोलतेय. आईंचा फोन आता माझ्याकडे असतो. त्या हात लावत नाहीत त्याला."

"का?"

"का?" ती म्हणाली. "तुमचा तो निरोप त्यांनी सगळ्यांसमोर लावला. तुमचं नाव दिसलं तर केवढ्या खूश झाल्या होत्या. मला हाताने बोलावलं, ये, ऐक म्हणून. माझ्या मुलीलाही बोलावलं. आम्ही सगळ्यांनी ऐकलं."

"मग बरं झालं. सगळ्यांसमोर ऐकण्यासारखंच होतं. त्यांना म्हणावं एकदा फोनवर या आणि स्वतःच्या तोंडाने..."

"तुम्ही माणूस आहात का हो?" असं म्हणाली आणि ठेवला.

काय ही आजकालची बोलायची पद्धत! मैत्रिणी-मैत्रिणींतलं भांडण आहे, चाळीस वर्षांचं नातं आहे, त्यात सुनेने पडायचं कारण काय? आमच्या सिस्टर म्हणायच्या, फोनवरचा आवाज ही तुमची वेणीफणी असते. हिची वेणीफणी झालेली नव्हती.

भाचीला सगळं बोलून पाठवलं. पाच मिनिटांचा निरोप. अंगठासुद्धा आला नाही.


१२ फेब्रुवारी

भाची आली. बुधवारी, दुपारी, न कळवता. बेल वाजली तेव्हा वाटलं मीटर बघणारा असेल.

तिने फोन पर्समधून काढला आणि टेबलावर पालथा ठेवला. मी पाणी दिलं ते ती प्यायली नाही.

"मावशी, बस जरा."

"तुला कामावरून काढलं का?"

"नाही. मी त्या बाईंच्या सुनेशी बोलले. तुझ्याकडून नंबर घेऊन ठेवला होता ना मागे." ती माझ्या हातांकडे बघत होती. "मावशी, त्यांना घशाचा कॅन्सर झाला होता. मे महिन्यात स्वरयंत्र काढलं. त्यांना बोलता येत नाही. आता कधीच येणार नाही."

मी म्हटलं, "मला कोणी कळवलं नाही."

"त्यांनी कळवलं होतं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी लिहून पाठवलं होतं. चित्राखाली. त्या नेहमी तसंच लिहायच्या म्हणे, चित्र वर आणि खाली मजकूर."

"मला मिळालं नाही."

भाची गप्प बसली की तिचा अंगठा चालतो. आज दोन्ही हात मांडीवर होते.

"पुसलेलं परत आणता येतं का?" मी विचारलं.

"नाही गं. किती महिने झाले."

मग मी तिच्यावर ओरडले. तूच शिकवलंस, न उघडता पुसायचं, खुणा बंद करायच्या, तूच. ती ऐकून घेत राहिली. मग माझ्या शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "हो, मीच शिकवलं."

त्यावर मला पुढे ओरडता येईना.


१३ फेब्रुवारी

"मुक्यांची चित्रं." असं म्हटलं होतं मी. कागद अजून टेबलाच्या खणात आहे. "मुक्यांची" या शब्दाखाली जोर देण्यासाठी रेघ ओढलेली आहे.


१४ फेब्रुवारी

माफीचा निरोप बोलायला बसले. सहा वेळा सुरुवात केली. प्रत्येक वेळी ऐकलं, आणि प्रत्येक वेळी त्या निरोपातली बाई मला खोटी वाटली. इतकी सुरेख बोलते की तिला काही वाटतंय असं वाटतच नाही. मग टाइप करून पाहिलं. "मला" लिहिलं की फोन पुढचे शब्द स्वतःच सुचवतो. "मला माफ कर." "मला वाटतं." "मला उशीर होईल." मी काहीच दाबलं नाही.

पलीकडचीच्या घरी जाण्याला पर्याय नाही. सून दारातून हाकलेल. हाकलू दे.


१५ फेब्रुवारी

भाचीने बसचं तिकीट फोनवर काढून दिलं. सोबत येऊ का म्हणाली. नको म्हटलं. पत्ता सुनेकडून तिनेच घेतला. सून "या" म्हणाली नाही, "नका येऊ" असंही म्हणाली नाही.


१७ फेब्रुवारी

हे तिच्या घरी बसून लिहिते आहे. पाहुण्यांच्या खोलीत. कालचं सगळं क्रमाने लिहायला हवं, नाहीतर मी त्यात मला हवे तसे बदल करीन. मला ती खोड आहे.

चार तासांचा प्रवास. बसमध्ये बेचाळीस माणसं, सगळ्यांच्या माना खाली, आणि मी एकटी खिडकीतून बाहेर बघत होते. बाहेरही बघण्यासारखं काही नव्हतं.

दार सुनेने उघडलं. आवाजावरून वाटली होती त्यापेक्षा लहान आहे, दमलेली आहे. "चपला इथे काढा," एवढंच म्हणाली.

खुर्चीत एक ठेंगणी, गोल चष्म्याची बाई बसली होती. गळ्यात पातळ सुती रुमाल बांधलेला. मी तिला उंच समजत होते. चाळीस वर्षं मी एका उंच, सडपातळ बाईशी बोलत होते. क्षणभर वाटलं, चुकीच्या घरी आले. तिलाही तसंच वाटलं असावं, कारण तिने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि तिच्या भुवया वर गेल्या.

मी बसमध्ये वाक्यं तयार केली होती. त्यातलं पहिलं सुरू केलं. "मी जे बोलले ते..." तिने हात वर केला. सुनेने शेजारी आणून ठेवलेला फोन उचलून टाइप केलं आणि माझ्यासमोर धरला.

"तू जाड आहेस. मी बारीक समजत होते."

मग पुन्हा टाइप केलं. "माफी नको. ऐकून घ्यायला दम लागतो मला. उच्चार मात्र झकास होते."

मी हसले की रडले ते मला सांगता येणार नाही. ती हसली. आवाज नाही. रुमालाखालून फक्त हवा येते, सुईसारखी बारीक शिटी, आणि खांदे हलतात. सून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, ती आत गेली.

फोनमध्ये एक सोय आहे म्हणे, आपण लिहायचं आणि तो बोलून दाखवतो. तिने ती लावून दाखवली. दवाखान्यातल्या त्या मधाळ बाईचीच बहीण. ती म्हणाली, "नमस्कार. माझी प्रकृती बरी आहे." मी म्हटलं, "बंद कर तो चोंबडेपणा." तिने लगेच बंद केला. तिलाही तो आवडत नाही.

मग मी विचारलं. म्हटलं, "तू जे लिहीत होतीस ते मी वाचलेलं नाही. एकही नाही. न उघडता पुसत होते."

तिने लिहिलं, "निळी खूण कधी येत नव्हती. वाटलं, तू बंद केली असशील. वाटलं, वाचत असशील."

"बंद केली होती. वाचतही नव्हते."

तिच्या चेहऱ्यावर काय झालं ते मी लिहीत नाही. चेहरे वाचायची मला सवय नाही.

मग तिने फोनवर बोट फिरवायला सुरुवात केली. महिनेच्या महिने वर सरकत होते. फुलं, सूर्य, हंस. मध्येच थांबून ती मला एखादं दाखवत होती, आणि प्रत्येकाखाली ओळ होती.

"सुप्रभात. आज पाणी नळीशिवाय प्यायले."

"सुप्रभात. नात म्हणते, आजीचा आवाज बंद करून ठेवलाय कोणीतरी."

"सुप्रभात. तुझा फोन आला होता. उचलून नुसतं ऐकावं असं वाटलं, पण तू हॅलो हॅलो करून घर डोक्यावर घेतलं असतंस. म्हणून कापला."

"सुप्रभात. आज विशेष नाही."

"सुप्रभात. आज सून रडली. मला काही बोलता आलं नाही, म्हणून तिच्या केसांना तेल लावून दिलं."

असं वर जात जात मे महिना आला. पिवळा गुलाब, त्याखाली लांब मजकूर. तिने फोन माझ्या हातात दिला. मी मनात वाचायला लागले तर तिने माझ्या गुडघ्यावर थाप मारली, आणि स्वतःच्या तोंडाकडे आणि कानाकडे बोट दाखवलं. मोठ्याने वाच.

मी वाचलं. मी चांगली वाचते. इथे उतरवून घेतलं आहे.

"सुप्रभात. उद्या सकाळी आठला ऑपरेशन. स्वरयंत्र काढणार आहेत, म्हणजे उद्यापासून आवाज नाही. आज कमी बोला म्हणालेत. मुलाशी बोलून झालं, सुनेशी झालं, नातीला एक गोष्ट सांगून झाली. थोडा उरलाय तो तुझ्यासाठी ठेवलाय. संध्याकाळी सहाला फोन कर. मी लावला तर तू नंतर करते म्हणशील, आणि माझ्याकडे नंतर नाही. विशेष काही बोलायचं नाही. तू नेहमीसारखी कशावर तरी चिडून बोल. मी मध्ये मध्ये हं म्हणेन. तेवढा पुरेल."

"पुरेल" ला माझा आवाज फुटला. चौतीस वर्षांत बोर्डवर कधी फुटला नव्हता, लोकांनी कोणी गेल्याच्या बातम्या दिल्या तरी.

ती टाइप करत होती. बोटं थांबत होती, पुन्हा चालत होती. मग फोन समोर आला.

"सहा ते साडेआठ बसले होते. मग सुनेने दिवा लावला. कुठे होतीस?"

मी आठवायचा प्रयत्न केला. खरंच केला. मे महिन्यातली एक संध्याकाळ. त्या वेळी मी कुठे जाणार? मला जायला कुठे आहे?

"घरीच," मी म्हटलं. "फोनजवळ. कोणाचा तरी येईल म्हणून."

तिने ते ऐकलं. चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला. मग लिहिलं, "बोल आता."

"काय बोलू?"

"चीड."

मी तोंड उघडलं, आणि काही सुचेना. माझ्यावर ही वेळ! ती थांबून राहिली. घाई नाही, खूण नाही, नुसती माझ्याकडे बघत. मग मी बसपासून सुरुवात केली. म्हटलं, कंडक्टरने तिकीट मागितलं तर मी त्याला फोन दाखवला, त्याने माझ्याकडे न बघता फोनकडेच बघून नमस्कार केला. म्हटलं, पुढच्या सीटवरचा बाप शेजारी बसलेल्या मुलीला मेसेज करत होता, झोप आली का म्हणून. म्हटलं, जिन्यातली बाई, दवाखान्यातली बाई, पाण्याची कंपनी. म्हटलं, घरात इतकं शांत असतं की फ्रिज बंद झाला तरी मला कळतं. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, बोलण्याच्या भरात गेलं.

तिने माझं मनगट हातात घेतलं होतं. जिथे हं म्हणायचं, तिथे ती त्यावर एक बोट टेकवत होती.

अंधार पडला तशी सून आली, दिवा लावला आणि माझ्यापुढे चहा ठेवला. माझ्याशी ती अजून बोलत नाही. पण कप ठेवताना ती थोडा वेळ तिथेच थांबली, आणि मग आतून एक स्टूल आणून दाराशी बसली. मी बोलत राहिले.